तिसऱ्या मजल्यावरची नेहा

सानपाड्याच्या त्या हॉटेलचं नाव क्रीक व्ह्यू. खाडी तिथून दिसायची, नाही असं नाही, पण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लावलेल्या शिडीवर चढलं तर. पाहुण्यांची त्याबद्दल तक्रार नसायची. थंडीत फ्लेमिंगो बघायला येणारे थोडेफार सोडले, तर बाकी सगळे स्टेडियमवरच्या कार्यक्रमांसाठी यायचे. परदेशातला कोणी गायक यायचा आणि त्याच्यामागे इंदूर, कोची, गुवाहाटी, कुठून कुठून लोंढा यायचा. एका खोलीत चौघं झोपायची, नाचून दमून परतायची, सकाळी पोहे खाऊन विमानतळाकडे निघायची. जाताना बाथरूमभर गालांवरची चमचम सांडून जायची. ती चमचम फरशीच्या सांध्यांत जाऊन बसायची.

ती काढायला तिसऱ्या मजल्यावर नेहा होती.

नेहा ही बाई नव्हती. नेहा हा बिल्ला होता. निळा, कोपऱ्यात गुलाबी पक्षी, मधे नाव. पहिल्या मजल्याचा बिल्ला रिया, दुसऱ्याचा पूजा, तिसऱ्याचा नेहा. बायका ठेकेदार पुरवायचा. त्या यायच्या, काही महिने टिकायच्या, गावी जायच्या, दुसरीकडे जास्त मिळालं की तिकडे जायच्या. बिल्ला मजल्यावरच राहायचा. नवी बाई आली की शर्मिला तिच्या छातीवर तो लावायची आणि म्हणायची, "तू आता नेहा."

ही युक्ती शर्मिलाचीच. ती तिथली हाउसकीपिंग सुपरवायझर. तिच्या लक्षात आलं होतं की पाहुणे नेटवर कौतुक लिहितात ते नावानिशी लिहितात, आणि बाई गेली की ते कौतुक वाया जातं. शिवाय काही पाहुणे बिल्ल्यावरचं नाव वाचून विचारायचे, ही कुठली? तेव्हा एकच नाव, सोपं, कोणालाही चालेल असं. मालक खूश झाला. मॅनेजर नंदकिशोर सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या.

पाहुण्यांनी लिहिलेलं

"नेहाताई फारच हसतमुख. उंच आहेत, त्यामुळे पंख्याची पातीसुद्धा स्टूल न घेता पुसतात!"

"एवढीशी नेहा, पण काम केवढं उरकते."

"नेहा आजारी असावी, खोकत होती. तरी चादरी बदलून गेली. पाच तारे."

"नेहाला मराठी कमी येतं, पण टॉवेलचा हत्ती सुंदर करते. आमच्या नातवाने तो हत्ती घरी नेऊ दिला नाही म्हणून रडून गोंधळ घातला."

चार नेहा, चार बाया. हत्ती करणारी शेवटची, सध्याची.

शनिवार

शनिवारी स्टेडियमवर मोठा कार्यक्रम होता. आदल्या रात्रीची माणसं अजून दात घासत होती आणि आजची माणसं बॅगा घेऊन खाली लॉबीत बसली होती. अशा दिवशी बायकांचे फोन शर्मिला एका उशीच्या अभ्र्यात गोळा करायची आणि आपल्या कपाटात कुलूपबंद करायची. नाहीतर कामं उरकत नाहीत, असं तिचं म्हणणं. ते खरंही होतं.

तिसऱ्या मजल्यावर एका बाथरूमच्या पडद्याच्या कड्या निसटल्या होत्या. नेहा टबच्या काठावर चढून त्या लावत होती. टबात कोणाचा तरी शांपू पसरला होता. पाय सरकला. कोपर टबावर आपटलं, डोकं नळावर. नळ सुरू होऊन ती सगळी भिजली. दुसऱ्या मजल्यावरची पूजा टॉवेल मागायला वर आली, तिला ती दिसली.

शर्मिला धावत गेली. नेहा शुद्धीवर होती, पण बोलत नव्हती. हात नको तिथून वाकला होता. शर्मिलाने तिचं डोकं मांडीवर घेतलं, टॉवेल दाबून धरला, "काही नाही, काही नाही" म्हणत राहिली. इथवर तिचं काही चुकलं नाही. हे सांगून ठेवायला हवं, कारण पुढे असं म्हणता येणार नाही.

नंदकिशोर सर दारातच थांबले. बूट ओले होऊ नयेत म्हणून आत आले नाहीत.

"ठेकेदाराला फोन लावला?"

"बंद येतोय, सर."

"मग मारोतीला सांग गाडी मागच्या दाराला लाव. महापालिकेच्या दवाखान्यात सोड म्हणावं. आणि रस्त्यात पडलेली दिसली म्हणून आणली, एवढंच सांगायचं. आजच्या दिवशी मला इथे पोलीस नकोत. महिनाभरापूर्वी पलीकडच्या वस्तीत त्यांनी काय केलं माहितेय ना? कुठले, कधी आले, कागद दाखवा. आपल्याकडे तिकडचं कोणी नाही. कळलं ना?"

मारोती हॉटेलचा ड्रायव्हर. लाँड्रीच्या गाडीत चादरींच्या गाठोड्यांवर त्याने नेहाला आडवं केलं आणि विचारलं, "मॅडम, दवाखान्यात नाव काय सांगू हिचं?"

शर्मिलाने तोंड उघडलं आणि तिला कळलं की आपल्याला माहीत नाही. कधीतरी कानावर पडलं होतं. बायका आपसात हाक मारायच्या तेव्हा. पण ते नाव लक्षात ठेवायची गरज कधी पडली नव्हती.

"नेहा सांग."

"आडनाव?"

"अरे, नेहा सांग ना! जा आता."

गाडी निघण्याआधी तिने आणखी एक गोष्ट केली. नेहाच्या छातीवरचा बिल्ला काढून घेतला. त्याच्या एका कडेला रक्त होतं, ते तिने टिश्यूने पुसलं. मग लिननच्या खोलीत चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईला बोलावून तो बिल्ला तिच्या छातीवर लावला आणि तिला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. जेवणाच्या सुट्टीच्या आत मजला तयार झाला.

मॅनेजरला सांगितलं ते

दुपारी नंदकिशोर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"गेटवर कोण होता गं मघाशी?"

"कोणी नाही, सर. पत्ता चुकला होता."

"कोणाला विचारत होता?"

"काहीतरी नाव घेत होता. आपल्याकडे त्या नावाचं कोणी नाही. सांगितलं, गेला."

"गुड. वॉचमन लोकांना अक्कल नाही, उगाच बोलत बसतात. तू होतीस म्हणून निभावलं." त्यांनी समोरची काजूकतलीची डबी तिच्याकडे सरकवली. "घे. पाहुण्यांनी दिलीय."

तिने घेतली. कौतुकाने तिचा चेहरा जरा गरम झाला. काजूकतली गोड होती.

मायला सांगितलं ते

चहाच्या वेळी तिने घरी फोन लावला. तिची आई भिमाबाई जुईनगरच्या घरी असते. परभणीकडून दुष्काळात नवऱ्याबरोबर आली, नवरा गंगाराम बाजारात पाठीवर गोणी वाहायचा, ही वाशीच्या सोसायट्यांमध्ये धुणंभांडी करायची. गंगाराम वारला, पण माय अजून त्याच्याविषयी तो शेजारच्या खोलीत असल्यासारखी बोलते.

"माय, जेवलीस?"

"जेवले की. तुझा आवाज काहून असा आलाय?"

"काही नाही. इथली एक बाई पडली बाथरूममध्ये. दवाखान्यात पाठवली. आणि मग एक माणूस आला, बायकोला शोधत. त्याने मोमेना की काय नाव घेतलं. आमच्याकडे कोणी मोमेना नाही, मी तसं सांगितलं. तो गेल्यावर मला वाटलं, हिचाच नवरा तर नसेल? आता मला काय माहीत तिचं खरं नाव, आम्ही तिला नेहा म्हणतो."

पलीकडे भांड्याचा आवाज आला. मग माय हसली.

"मला वाशीच्या त्या घरी सुमन म्हनायचे. सांगितलं व्हतं का तुला?"

"नाही."

"आधीच्या बाईचं नाव सुमन. म्हातारीच्या तोंडात तेच बसलेलं. म्हनली, तुला बी सुमनच म्हनते. मी म्हनलं, म्हना. मला तर बरं वाटलं बघ. भिमा म्हनलं की म्होरचं सगळं लोकायला आपसूक कळतंय. मंग कपबशी येगळी निघती. सुमन म्हनलं की नुसती सुमन."

"माय, हे तू कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं? पर तुझ्या बाबाला मी सांगून ठिवलं व्हतं. काय झालं, कधी यायचं पडलं, तर तिथं भिमा म्हनून इचारू नका, सुमन म्हनून इचारा. त्या मानसाला ठावं हाय का, तुमी तिला काय म्हनता ते?"

शर्मिलाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नसंल, तर तो दवाखान्यात बी मोमेनाच इचारत हिंडत असंल की गं. आन् तिथं ती नेहा म्हनून पडली असंल. बाई गं! तू असं कर, उठ आन् जा. तुझ्या हातून चुकून झालं, पर झालं ना?"

"हो. चुकून झालं," शर्मिला म्हणाली.

नंदकिशोर सरांना तिने डोकं दुखतंय असं सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पण सोडलं.

झालं ते

हे तिने कोणालाच सांगितलं नाही. पामबीच रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली होती, शेजारच्या बसमधून कार्यक्रमाला निघालेली पोरं खिडकीतून हात बाहेर काढून गात होती, आणि तिच्या डोक्यात ते आपोआप पहिल्यापासून सुरू झालं.

माणूस आला तेव्हा वॉचमनने तिलाच बोलावलं होतं. सडपातळ माणूस, अंगावर गोदामाचं पिवळं जाकीट, केसांत धूळ. द्रोणागिरीच्या गोदामात कंटेनर रिकामे करायचं काम टाकून तसाच निघालेला. दुसऱ्या मजल्यावरच्या पूजाने कोणाच्या तरी फोनवरून त्याला कळवलं होतं.

"दीदी, मोमेना गिर गई बोले. तीसरे माले पे काम करती है. कैसी है?"

म्हणजे त्याने नुसतं नाव घेतलं नव्हतं. पडली म्हणाला होता. तिसरा मजला म्हणाला होता.

"यहाँ इस नाम की कोई नहीं है," शर्मिला म्हणाली.

त्याने खिशातून मोबाईल काढला आणि फोटो दाखवला. दिवाळीत स्टाफचा फराळ झाला होता, त्या दिवशीचा. मोमेनाच्या हातात चकली, डोळे अर्धे मिटलेले. आणि तिच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली शर्मिला.

फोटोतल्या शर्मिलाकडे त्याने बघितलं. मग समोरच्या शर्मिलाकडे बघितलं. नुसता थांबला.

तेवढ्यात मोठी बस येऊन लागली होती. पोरी बॅगा ओढत उतरत होत्या, कोणी गाणं लावलं होतं. काचेच्या दारामागे नंदकिशोर सर उभे होते. शर्मिलाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा त्या माणसाकडे वळली, आणि तिच्या तोंडून मोठ्याने, बसमधल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात आलं, "कहाँ से आया है तू? कागज है? दिखा कागज. पुलिस बुलाऊँ?"

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी 'तिकडचं कोणी नाही' एवढंच म्हणायला सांगितलं होतं. कागद मागणं तिचं तिने काढलं.

त्या माणसाने मोबाईल खिशात टाकला. दोन्ही हात जोडले. पाठ न दाखवता, दोन-तीन पावलं मागे मागे गेला, मग वळला. एका पोरीने विचारलं, "आंटी, एनी प्रॉब्लेम?" आणि शर्मिला हसून म्हणाली, "नो, नो, वेलकम."

पिवळं जाकीट कोपऱ्यावर वळेपर्यंत ती हसतच होती.

सिग्नल सुटला. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "काय झालं ताई, पेशंट सिरियस आहे का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. त्या दिवसातलं हे तिचं पहिलं खरं वाक्य असावं.

दवाखाना

पिवळं जाकीट तिला लांबूनच दिसलं. खिडकीपाशी रांग होती आणि त्याचा नंबर आला होता.

"मोमेना. मोमेना खातून. सिर पे लगा है."

"अरे बाबा, मघाशी सांगितलं ना तुला," खिडकीतला माणूस थकलेल्या आवाजात म्हणाला. "या नावाचं कोणी आलेलं नाही. दुसरीकडे बघ."

"दुसरीकडे बघून आलो, साहेब," तो मराठीत म्हणाला. चांगलं, स्वच्छ मराठी. "तिकडे पण नाही."

तो बाजूला झाला, क्षणभर उभा राहिला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन लागला. बहुतेक दुपारभर हेच चाललं होतं. रांगेतली माणसं त्याला ओळखायला लागली होती.

शर्मिला त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याच्या जाकिटावर पाठीमागे गोदामाचं नाव होतं, अर्धं धुऊन गेलेलं. ते ती वाचत राहिली. मग म्हणाली, "नेहा."

त्याने वळून बघितलं.

"नेहा नाव सांगा. तिला नेहा म्हणून आणलंय."

त्याचा चेहरा लगेच बदलला नाही. आधी तो तिच्या हातांकडे बघत होता, जणू ती पुन्हा कागद मागायला आली आहे. मग कळलं, आणि तो रांग सोडून खिडकीकडे धावला.

मोमेना वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर होती. डोक्याला पट्टी, हात लाकडी फळीला बांधलेला. युनिफॉर्म अजून ओला होता. नवऱ्याला बघून ती रडली नाही. बंगालीत काहीतरी भरभर बोलली, आणि त्याच्या खांद्यावरून तिला शर्मिला दिसली तसं तिने तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टर तरुण होती, घाईत होती. "तुम्ही नातेवाईक? बरं झालं आलात. कोपराचं ऑपरेशन आजच करावं लागेल, हाताची नस दबतेय. पण पेशंट धड काही सांगत नाहीये. आधी कधी भूल दिली होती? काही त्रास?"

प्रश्न शर्मिलाला होता. तिने मान हलवली. माहीत नाही.

"दिली होती," तो म्हणाला. "गावी, बंगालात मालद्याला, मुलगी झाली तेव्हा. सुई दिली आणि श्वास बंद पडला. मशीन लावली होती दोन दिवस."

डॉक्टर थांबली. "हे आधी कळायला हवं होतं. आम्ही तासाभरात हिला आत घेणार होतो." ती कोणावर रागावली नव्हती. नुसतं बोलली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावत बाहेर गेली.

म्हणजे मोमेनाला एक मुलगी होती. हेही शर्मिलाला त्या दिवशी कळलं. तो माणूस खाटेच्या कडेला बसला होता आणि बायकोच्या पायाचे तळवे आपल्या जाकिटाने पुसत होता. त्याचं नाव तोफज्जुल. हे तिने विचारलं. निदान एवढं तिने विचारलं.

"तोफज्जुलभाई," ती म्हणाली, "दुपारी गेटवर..."

"छोडिए, दीदी."

"नाही, मी..."

"पीछे साहब खड़े थे ना. देखा मैंने." तो पाय पुसत राहिला. "सब डरते हैं. आप भी डर गईं."

तिला वाटलं होतं तो ओरडेल. रिक्षात तिने त्याची तयारी केली होती, मान खाली घालून ऐकून घ्यायची. त्याने तिला आयतं कारण हातात दिलं, आणि ते कारण खोटं होतं. नुसती भीती असती तर 'नाही' एवढ्यावर भागलं असतं. पण ती हे बोलली नाही. "हो," म्हणाली. "डरले."

तेवढ्यात अपघातांची नोंद ठेवणारे हवालदार आले. वयस्क, चष्मा कपाळावर ढकललेला. "कोण ते, नेहाची मोमेना झाली म्हणतात? काय भानगड आहे?"

"नाव चुकून सांगितलं गेलं, साहेब," शर्मिला उभी राहिली. "मोमेना खातून. मी ओळखते तिला. माझ्या हाताखाली काम करते."

हे म्हणताना तिचा आवाज नीट निघाला. मायने ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं तिला.

"ठीक. पडली कुठे?"

ओल्या युनिफॉर्मने खाटेवरची चादरही भिजली होती. बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यात कोण असं भिजतं? हवालदारांनी भिजलेल्या चादरीकडे बघितलं, मग शर्मिलाकडे. त्यांनी घाई केली नाही. वाट बघितली.

ती 'हॉटेलात' असं म्हणाली असती, तर चौकशी झाली असती. नंदकिशोर सरांनी विचारलं असतं, कोण बोललं. जुईनगरचं घर, मायचं औषधपाणी, सुपरवायझरचा कोट, ज्याच्या खिशावर तिचं स्वतःचं खरं नाव शिवलेलं होतं. हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं असं नंतर म्हणता येईल. तेव्हा काहीही गेलं नाही. दुपारसारखंच, तोंडातून आलं.

"रस्त्यात," ती म्हणाली.

हवालदार तोफज्जुलकडे वळले. "काय रे? रस्त्यात?"

त्याला प्रश्न नीट समजला होता. शर्मिलाने त्याच्याकडे बघितलं, आणि मनातून, अगदी मनातून तिला वाटलं की त्याने नाही म्हणावं. त्याने खरं बोलावं, म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही.

तोफज्जुलने बायकोकडे बघितलं. मग शर्मिलाकडे.

"जी," तो म्हणाला. "रस्त्यात."

हवालदारांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मोमेनाने भिंतीकडचं तोंड वळवलं नव्हतं, पण ती जागी होती, ऐकत होती. मग ती नवऱ्याला हळूच काहीतरी म्हणाली. त्याने ऐकलं, घसा साफ केला आणि शर्मिलाला विचारलं, अगदी आदराने, जसं वरच्या माणसाला विचारतात तसं, "दीदी, ये पूछ रही है. हाथ ठीक होने के बाद काम पे रख लेंगे ना?"

तिसऱ्या मजल्यावर आज संध्याकाळी कोण काम करतंय हे शर्मिलाला माहीत होतं.

"हाँ," ती म्हणाली. "रखेंगे. मैं हूँ ना."

त्याने ते मोमेनाला बंगालीत सांगितलं. शर्मिलाला बंगाली येत नव्हतं, पण हे समजलं. मोमेनाचे खांदे सैल झाले. तिने मान वळवली, शर्मिलाकडे बघितलं आणि पट्टीखालून, दुखत असताना, हसली.

शर्मिलाही हसली.